प्राजक्ताचा सडा कुणाचा?

अगं बाई, गेला गठ्ठा! मूर्तिजापूरच्या स्टँडवर एसटी थांबली, खिडकीतून वारा घुसला अन् रागिणीच्या मांडीवरचे बी.ए.च्या पोरांचे निबंध गाडीभर उडाले. नुकताच चढलेला एक उंच तरुण वाकून वाकून ते गोळा करू लागला.

"घ्या, मॅडम. एकावर कंडक्टरचा पाय पडला... त्याले शून्य देऊन टाका."

रागिणीला हसू आवरेना.

तो पियुष. राहायला मूर्तिजापूरला, नोकरी अकोल्याला, इंजिनिअर. ती अमरावतीहून रोज अकोल्याच्या कॉलेजात मराठी शिकवायला जाणारी. मग काय, तीच गाडी, शेजारची सीट, नंबरांची देवाणघेवाण. गाडीत पियुष मोजकंच बोलायचा. पण त्याचे मेसेज... काय ते मेसेज! 'तू बोलतेस तेव्हा माझ्या मनाच्या अंगणात प्राजक्ताचा सडा पडतो.' ती दिवसभर उगाचच हसत राहायची. रविवारी आईला सगळं सांगायचंच, असं तिनं ठरवून टाकलं.

आणि शुक्रवारी माशी शिंकली. वर्गातल्या आचलनं 'माझी आई' या निबंधात लिहिलं होतं, 'आई बोलते तेव्हा माझ्या मनाच्या अंगणात प्राजक्ताचा सडा पडतो.'

"आचल, हे तुझं आहे?"

"नाही मॅडम... नेटवरचं."

"दुसऱ्याचं घ्यायला ना नाही गं. पण अवतरणात घाल, कुणाचं ते खाली लिही. नाव न लिहिता घेतलं तर ती चोरीच." एवढं बोलून रागिणीनं तास आटोपता घेतला. स्टाफरूममध्ये येऊन तिनं पियुषचा एकेक मेसेज नेटवर शोधला. झाडून सगळे सापडले! तिला रडूच आलं. इतके दिवस आपण जीव लावला, तो नेमका कुणाला?

संध्याकाळी अकोल्याच्या स्टँडवर तिनं फोन त्याच्यापुढं धरला.

"हे कुणाचं?"

पियुषचे कान लाल झाले. "माहं नाई."

"मग काहून पाठवलं?" रागाच्या भरात तिच्याही तोंडून वऱ्हाडी निघाली.

"पुण्याले शिकाले होतो, तं माह्या बोलण्याले सारे हसत. तुमी तं मराठीच्याच मॅडम... मले वाटलं, माहं बोलणं तुमाले चालणार नाई."

"अहो, मी भुलले ती 'शून्य देऊन टाका' म्हणणाऱ्याला! एक वाक्य बोला. तुमचं स्वतःचं."

त्यानं समोरच्या गाडीकडं बोट केलं.

"सकाळी गाडी आली का मी पहिले खिडक्या पाह्यतो. तुमी नाई दिसल्या... तं गाडी सोडून देतो. सोमवारी तीन सोडल्या. मंग समजलं का तुमाले सुट्टी होती. साहेबानं लय झापलं."

हुश्श! रागिणीच्या छातीवरचा धोंडाच उतरला. माणूस खरा होता, बाई, नुसते मेसेज उसने होते! ती डोळे पुसत हसायला लागली.

"हसून काहून राहिल्या?"

"पूर्ण मार्क दिले म्हणून. रविवारी घरी या. आणि आईशी अस्संच बोला."

पियुष मूर्तिजापूरला उतरला. गाडी बडनेऱ्याला पोचायच्या आत मेसेज आला.

'पोचलो. तुमची लय आठोन येऊन रायली.'

हा मात्र तिनं कुठंही शोधून पाहिला नाही. रविवारची वाट न बघता, घरी गेल्या गेल्या तसाच आईला दाखवला.