ओली काचपट्टी

फेब्रुवारीच्या चोवीस तारखेला सकाळी संपादकांचा फोन आला. विज्ञान दिन चार दिवसांवर होता. जिल्ह्यातल्या शाळांच्या प्रयोगशाळा कोणत्या अवस्थेत आहेत, यावर चारशे शब्द आणि एक फोटो, संध्याकाळी सहाच्या आत. मी वाशीमला अठरा वर्षं वार्ताहर आहे. अशी बातमी तीन फोनवर होते. तरी मोटारसायकल काढून जऊळक्याला गेलो, कारण तिथल्या शाळेत विज्ञान शिकवणारा नरेंद्र इंगोले माझा वर्गमित्र, आणि फोटोची सोय झाली असती.

शाळा स्टेशनपासून दहा मिनिटांवर आहे. प्रयोगशाळा म्हणजे एक अरुंद खोली, मागच्या खिडकीतून तुरीचं कापलेलं रान दिसतं. एक सांगाडा, त्याचा डावा हात सुतळीनं बांधलेला. चार परीक्षानळ्या, एक कोरडा स्पिरिटचा दिवा. मायक्रोस्कोप तीन, त्यातला चालू एक. मी आकडे लिहून घेतले. चालू मायक्रोस्कोप खिडकीशी होता आणि त्यावर धुतलेला हातरुमाल टाकलेला होता.

फोटोसाठी मी रुमाल उचलायला गेलो.

"त्याले हात नोको लावू," नरेंद्र म्हणाला. आवाज चढला नव्हता, पण वर्गात पोरांना दम देताना असतो तसा होता. मग तोच ओशाळला. "पाह्यचं असंल तर पाह्य. पन काच हलवू नोको."

खाली एक काचपट्टी चिमट्यात अडकवलेली होती. कडेला चिकटवलेल्या कागदावर पोरीच्या अक्षरात लिहिलं होतं: चेतना शि., नववी, १३ ऑगस्ट.

हा प्रयोग प्रत्येकानं शाळेत केलेला असतो. दात कोरायच्या काडीनं गालाच्या आतली बाजू हळूच खरवडायची, जे येईल ते काचेवरच्या थेंबात पसरवायचं, निळा रंग टाकायचा, वरून पातळ काच ठेवायची. मग गालाच्या पेशी दिसतात. चपट्या, वेड्यावाकड्या कडांच्या, मध्ये केंद्रकाचा निळा ठिपका. या पेशी झिजण्यासाठीच असतात. खालच्या थराला इजा होऊ नये म्हणून वर येतात, थोडे दिवस टिकतात आणि लाळेबरोबर निघून जातात. अशी काचपट्टी तास-दीड तासात वाळते.

ही सहा महिन्यांपूर्वीची होती. ती ओली होती.

मी डोळा लावला. उजेडाच्या गोलात पेशी एकमेकींना कडा लावून बसल्या होत्या, फरशी बसवावी तशा. मध्ये फट नव्हती. आधी वाटलं माझीच पापणी हलते आहे. मग श्वास रोखून पाहिलं. पेशींच्या आत बारीक कण फिरत होते, सगळे एकाच दिशेनं, सावकाश.

"पानी टाकतोस का रोज?"

"एक थेंब नाही टाकला."

"मंग वाळली काहून नाही?"

"तेच पाहून राह्यलो सहा महिन्यांपासून."

त्यानं कपाटातून वह्या काढल्या. रोज सकाळी अकरा वाजता त्यानं त्या गोलात दिसेल ते पेन्सिलनं काढलं होतं. ऑगस्टमधल्या चित्रात एक्केचाळीस पेशी सुट्या, विखुरलेल्या. दिवाळीनंतर त्या जवळ आलेल्या. जानेवारीत मोजायला जागा नव्हती. नरेंद्र तसा वाढवून सांगणारा माणूस नाही. शाळेत असताना सहलीचा हिशेबही तो पैशापर्यंत द्यायचा.

"चेतना कोन?"

त्यानं सगळ्यात खालची वही पुढं केली. विद्यार्थ्याची प्रात्यक्षिक वही, खाकी कव्हरची. पाचव्या पानावर गालाच्या पेशीचं चित्र होतं. पेशीत केंद्रकं दोन, एकमेकांकडं कललेली, दोन माणसं कुजबुजताना कलतात तशी. चित्रावर लाल शाईची तिरकी रेघ. खाली नरेंद्रचं अक्षर: 'पुस्तकाप्रमाणे काढ.' पुढच्या पानावर पुस्तकातली पेशी, एका केंद्रकाची, सुबक. त्याखाली सही आणि 'छान'.

आपल्याकडं सगळ्या शाळांत असंच चालतं. मायक्रोस्कोपात कोणी काही पाहत नाही. चित्र पुस्तकातूनच उतरवायचं असतं, मार्क त्यालाच असतात.

"म्हने, सर, मले असंच दिसलं. मी म्हनलं, परीक्षेले तुले काय दिसलं ते नाही इचारत. हासली नं दुसरं काढून आनलं." नरेंद्रनं चष्मा पुसला. "नऊ दिवसांनी गेली. डेंग्यू. अकोल्याले नेस्तवर प्लेटलेट संपल्या व्हत्या. मी काच फेकाले म्हनून उचलली, म्हनलं एकदा पाहून घेऊ तिले काय दिसलं ते."

"दोन व्हती?"

"सगळ्यात दोन-दोन हायेत. तुले दिसली नाही? तू बी पुस्तकातलंच पाह्यलं मंग."

मी परत डोळा लावला. दोन होती. प्रत्येक पेशीत.

त्या दिवशी मी चारशे शब्द वेळेत पाठवले. तीनपैकी एक मायक्रोस्कोप चालू, असं त्यात होतं. काचपट्टीबद्दल काही नव्हतं. पण अठरा वर्षांची सवय सुटत नाही. पाहिलेलं पडताळायचं. वाशीमच्या दोन प्राध्यापकांना फोन केले. एक हसले. दुसऱ्यांनी विचारलं, काचेच्या कडा नेलपॉलिशनं बंद केल्या आहेत का. नव्हत्या. मग राहिली मृत्यूची तारीख. ती घरूनच खात्री करून घ्यायची, हाही आमचा नियम. दुसऱ्या दिवशी मी चेतनाच्या घरी गेलो. पुढं जे झालं त्याची सुरुवात मी केली, हे इथंच नोंदवून ठेवतो.

चेतनाचे वडील शिखरचंद शेठ यांचं जऊळक्यात किराणा दुकान आहे. मागं घर, घरामागं विहीर. शेठ माल आणायला जवळच्या मालेगावला गेले होते. चेतनाची आई भागिरथीबाई विहिरीवर पाणी गाळत होत्या. जाड कापडाची दुहेरी घडी कळशीच्या तोंडावर धरायची, त्यातून पाणी ओतायचं, मग तेच कापड उलटं करून गाळलेल्या पाण्यानं एका लहान पितळी भांड्यात खळबळून काढायचं. कापडात अडकलेले, डोळ्यांना न दिसणारे जीव त्या भांड्यात येतात. जैन घरांत त्याला जिवाणी म्हणतात. भांड्याच्या बुडाला कडी होती. दोरानं त्यांनी ते अलगद खाली सोडलं, पाण्याला टेकल्यावर कलतं केलं. वरून ओतलं तर जीव आपटतात.

"नळ आला नं काकू गावात," मी बोलायला सुरुवात म्हणून म्हणालो.

"आला. पन नळाच्या पान्याची जिवानी कुठं सोडाची भाऊ? ज्या पान्यातले जीव त्याच पान्यात सोडा लागतात. नळाले इहीर कुठं असते?"

मी तारीख विचारली. त्यांनी सांगितली. बावीस ऑगस्ट, दुपारी सव्वाचार. त्यांनी कारण विचारलं. मी सांगितलं. खोटं बोलता आलं असतं.

त्यांनी कापड पिळलं नाही. पाणी त्यांच्या मनगटावरून खाली गळत होतं.

"जिवंत हाय?"

खात्री नसेल ते मी लिहीत नाही, बोलतही नाही. म्हणालो, "मी पाह्यलं तवा हलत व्हतं."

शाळा सुटायच्या वेळी त्या प्रयोगशाळेत आल्या; मी तिथंच होतो. हातात तेच पितळी भांडं, झाकलेलं. नरेंद्रनं माझ्याकडं पाहिलं आणि रुमाल उचलला. त्यांना डोळा कुठं लावायचा ते दाखवलं. त्या वाकल्या आणि बराच वेळ वाकलेल्याच राहिल्या. बाहेर पोरं सायकली काढत होती, घंट्या वाजवत होती.

"हे तिच्या गालातलं?"

"हो."

"कोन्या गालातलं?"

नरेंद्रला आठवत होतं. "उजव्या."

त्या सरळ झाल्या. पदरानं आधी मायक्रोस्कोपचं भिंग पुसलं, मग डोळे.

"सर, लेकरू सहा महिने काचेखाली ठेवलं तुमी. एका शब्दानं नाही सांगितलं."

नरेंद्रच्या हातात ती खाकी वही होती. ती त्यानं त्यांच्यापुढं धरली, लाल रेघेचं पान उघडून. त्यांनी पाहिलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"काढा ते वरचं," त्या म्हणाल्या.

"काकू, कुठं नेता? इहिरीत सोडता?"

"इहिरीतून आली का ती?"

नरेंद्रनं चिमट्यानं वरची पातळ काच उचलली. त्यांनी भांड्यातल्या गाळलेल्या पाण्यात उजव्या हाताचं बोट बुडवलं, ते काचेवरून फिरवलं. बोटाला निळसर ओल लागली. मग बोट तोंडात घालून उजव्या गालाच्या आत लावलं आणि डोळे मिटून तसंच धरून ठेवलं.

मी काही बोलणार होतो. उकळल्याशिवाय आणि गाळल्याशिवाय आयुष्यात पाणी न प्यालेली बाई. त्यांनीच हात वर करून मला थांबवलं. बोट काढल्यावर, ओठ फारसे न उघडता त्या म्हणाल्या,

"गिळत नाही मी. नुसती सोडली. याले इहीर हाय."

त्या गेल्यावर काचपट्टी दहा मिनिटांत वाळली. नरेंद्रनं ती फेकली नाही. पाहिलीही नाही.

जूनच्या शेवटी शिखरचंद शेठचा फोन आला. भागिरथी डाव्या बाजूनंच जेवते, म्हणाले. बोलते कमी. उजव्या गालात हरभऱ्याएवढी गाठ आली आहे. अकोल्याचे डॉक्टर काढून तपासायला पाठवा म्हणतात, ती हात लावू देत नाही.

"तुमीच घातलं तिच्या डोक्यात. आता तुमीच समजवा. माझी एक तर गेली भाऊ."

मी समजावलं. दोन वेळा गेलो. भागिरथीबाई ऐकून घ्यायच्या, चहा द्यायच्या, मान हलवायच्या. तिसऱ्या वेळी नरेंद्र बरोबर होता. तो म्हणाला, काकू, डॉक्टर राहू द्या. मी काडीनं जरासं घेतो, आपल्याच शाळेत पाहू. वंगाळ काही दिसलं तर तुमी अकोल्याले जाता.

त्यांनी विचार केला. "परत देसान?"

"देतो."

"वाळू देऊ नोका."

जुलैच्या पहिल्या सोमवारी सकाळी अकरा वाजता आम्ही तिघं त्या खोलीत होतो. पोरं प्रार्थनेनंतर वर्गात गेली होती. खिडकीबाहेर सोयाबीन उगवून वर आलं होतं. भागिरथीबाई स्टुलावर बसल्या, तोंड उघडलं. नरेंद्रनं काडी फिरवली, अगदी हलक्या हातानं. भागिरथीबाईंनी घरून आणलेल्या पाण्याचा एक थेंब त्यानं काचेवर टाकला, काडी त्यात फिरवली, वर पातळ काच ठेवली.

"तू पाह्य आधी," तो मला म्हणाला. तो कपाटाकडं वळला.

मी डोळा लावला. भिंग फिरवलं.

पेशी फरशीसारख्या लागून बसल्या होत्या. प्रत्येकीत दोन केंद्रकं, एकमेकांकडं कललेली. कण सावकाश फिरत होते.

"काय हाय?" नरेंद्रनं पाठीमागून विचारलं.

"दोन-दोन," मी म्हणालो. "साफ दिसतात. निळी."

कपाटाचं दार वाजायचं थांबलं. मी वळून पाहिलं. नरेंद्र रंगाची बाटली हातात धरून उभा होता. तिचं झाकण अजून लागलेलं होतं.

"निळी कशी?" तो म्हणाला. "रंग टाकाचा हाय अजून."

भागिरथीबाईंनी उजव्या हाताचं बोट पाण्यात बुडवलं आणि काचेपुढं धरलं.

"झालं असंल पाहून तर द्या," त्या म्हणाल्या. "तिले बाहेर राह्याची सवय नाही राह्यली आता."