अडीच तासांचं लिस्बन

चिशिनाऊच्या विमानतळावर ऑरिकाची बॅग काट्यावर तीन किलो जास्त भरली. ती तोंड उघडायच्या आत मागच्या उंच माणसानं बॅगेत हात घातला, अक्रोडांची पिशवी उचलली आणि सरळ आपल्या बॅगेत कोंबली.

"अहो! चोर की काय तुम्ही?"

"चोर अक्रोड कशाला नेईल, बाई? आमच्या दारात सडा पडतो त्यांचा. लिस्बनला उतरल्यावर देतो परत."

त्याचं नाव तुदोर. सात वर्षं लिस्बनमध्ये फरशा बसवत होता, ईस्टरला घरी येऊन आता परत निघालेला. आणि नशीब बघा — विमानातही शेजारची खुर्ची! खिडकी तिची. तो तिच्या खांद्यावरून ढग बघायचा... ढग कमी, तिची वेणी जास्त.

"बाहेर बघा," तिनं कोपर मारलं.

"बाहेर काही नाही हो बघण्यासारखं."

ऑरिका पहिल्यांदाच विमानात बसली होती. लिस्बनमध्ये एका म्हातारीला सांभाळायचं काम मिळालेलं. पण घरी आई एकटी, काळजाची दुखणाईत. हिनं तिकीट वाचलं — निघणार दहाला, पोचणार साडेबाराला. म्हणजे अडीच तास! मावशीच्या गावाला बसनं याहून जास्त लागतात. "तुला काही झालं तर अडीच तासांत उशाशी येईन," असं वचन आईला देऊनच ती निघाली होती.

तिच्या मनगटावर साडेबारा वाजले. खाली नुसते ढग. एक वाजला... तरी ढगच.

"वाट चुकलंय हे विमान!" ती ताडकन उठायला गेली, पट्ट्यानं तिला परत खाली बसवलं.

तुदोर खो-खो हसला. "बाई, लिस्बनची घड्याळं आपल्या दोन तास मागं असतात. साडेबारा वाजतील, पण तिथले. बत्तीसशे किलोमीटर आहे. साडेचार तास लागतात."

"साडेचार?" तिचा चेहरा लालबुंद. "मला कुणी सांगितलं का नाही?"

"सगळ्यांना ठाऊकच असतं—"

"सगळ्यांना! मी काय रोज उडते? आईला शब्द दिलाय मी... खोटा शब्द!"

डोळे भरले, त्याचा तिला आणखी राग. तुदोरचं हसू विरलं. त्यानं रुमाल पुढं केला, तिनं फेकून दिला. त्यानं उचलला, झटकला, हलकेच तिच्या मांडीवर ठेवला. या खेपेला तिनं फेकला नाही... पण आभारही मानले नाहीत.

विमान टेकलं. सुखरूप उतरल्याच्या, तिकडच्या रिवाजाप्रमाणे सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ऑरिकानं मुठी आवळल्या.

"सोमवारच्या विमानानं परत जाणार मी!" अक्रोड हिसकावत ती म्हणाली.

"मग रविवारी येतो. जाण्याआधी समुद्र तरी बघा... माझ्यावर ओरडत ओरडत बघा."

तिनं पत्ता खरडून त्याच्या हातात कोंबला. "दहाला या. माझ्या घड्याळानं! मी काटे मागं फिरवणार नाही. मी इथली नाही."

शनिवारी तिनं आईला फोन केला.

"आई, साडेचार तास लागतात गं!"

"ठाऊक आहे मला. शेजारणीनं कधीच सांगितलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर गेली असतीस? मी काय रोज मरते का? काम कर मुकाट्यानं."

ऑरिकानं फोन आपटला, मग दुपारभर भांडी आपटली.

रविवारी बाहेर भुरभुर पाऊस. घंटा वाजली. दारात तुदोर, निथळणारे केस, इस्त्रीचा सदरा पार चिकटलेला.

"आत्ता? दहाला सांगितलं होतं ना!" ती कडाडली.

"तुमच्या घड्याळात दहा वाजलेत म्हणून तर धावत आलो..."

"कुठं दहा? बघा!" तिनं मनगट त्याच्या नाकाशी नेलं.

काटे लिस्बनच्या आठ वाजून दोन मिनिटांवर.

तुदोर त्या काट्यांकडं बघतच राहिला. मग तिच्याकडं. "म्हणजे... सोमवारी—"

"दात काय काढताय? केस विंचरायचेत माझे, समुद्र काही पळून जात नाही!" तिनं दार धाडकन लावायला घेतलं... आणि अर्ध्यावरच थांबली. "भिजतोयस काय तिथं? ये आत. बूट पुसून ये!"