उतरत्या पाण्यातली होडी

होडी सापडली तेव्हा ती काठाशी अगदी शहाण्यासारखी उभी होती. तिच्यापासून हाकेच्या अंतरावर डॉक्टर ऑक्तावियो रेझेंदी घोटाभर पाण्यात पालथे पडले होते. डोक्याची मागची बाजू फुटलेली. टोपी मात्र पट्ट्याने गळ्यात अडकून राहिलेली, जणू मेल्यावरही त्यांना उन्हाचीच काळजी.

इताकुआ नदीवर या माणसासाठी टिपूस गाळणारं कुणी नव्हतं. कोरड्या हंगामात वाळूवर अंडी घालायला येणाऱ्या कासवांची पाहणी करायला ते साओ पाउलोहून आले होते. कासवांशी प्रेमाने बोलायचे. माणसांशी बोलायची वेळ आली की नाकाला रुमाल लावायचे.

तपास अधिकारी जुसारा मेनेझिस दुसऱ्या दिवशी सकाळी पोलिसांच्या लाँचने मोहिमेच्या बोटीपाशी पोचली. डॉक्टरांना बर्फाच्या पेटीत ठेवलं होतं, तांबाकी माशांच्या शेजारी. स्वयंपाकीण नाझारेची तक्रार एवढीच होती, की आता ते मासे फेकावे लागणार.

"जिवंतपणी माझ्या हातच्या माशाला नाक मुरडायचे," ती म्हणाली. "आता झोपलेत बघा त्याच्याच कुशीत."

जुसाराला वरिष्ठांनी वायरलेसवर हुकूम दिला होता, तोही तोंडातला घास न गिळता. बोटीवर बेन्तो नावाचा एक आदिवासी आहे, त्याचं डॉक्टरांशी भांडण झालेलं आहे, त्याला दिवस मावळायच्या आत घेऊन ये. तपास कसला करतेस? इथं आणल्यावर तो आपोआप कबूल होईल. माणसं तिथं आपोआप कशी कबूल होतात, ते जुसाराला ठाऊक होतं. भिंतींना रंग दर वर्षी का द्यावा लागतो, तेही.

बोट दोन मजली होती, रंग पांढरा आणि निळा. काठावरच्या झाडाला ती लांब, सैल दोराने बांधलेली होती, आणि काठ व बोट यांच्या मधे एक जाडजूड दांडा तिरका रोवून तिला पाण्याकडे रेटून धरलं होतं. पाणी झपाट्याने उतरत होतं. काठाला टेकलेली बोट बघता बघता गाळात बसते. मालक वाल्देमीरो त्या दांड्याशीच झटत होता. लाँचवरचा शिपाई सेल्सो मदतीला गेला, तसा वाल्देमीरोने त्याचा हात झटकला.

"माझ्या बोटीच्या दांड्याला दुसऱ्या कुणाचा हात लागत नाही," तो म्हणाला. मग जुसाराकडे वळून, "त्याला न्यायला आलात ना, बाईसाहेब? तो बघा, बांधूनच ठेवलाय. उगाच चिखल कशाला तुडवता?"

बेन्तो पुढच्या खांबाला बांधलेला होता. खालचा ओठ फुटला होता. जुसाराने आधी त्याचे दोर सोडायला लावले. वाल्देमीरो बाजूला थुंकला.

बोटीच्या अंगावर, काठाकडच्या बाजूला, जुसाराला वाळलेल्या गाळाचा एक पट्टा दिसला. एवढ्या निगुतीच्या बोटीला तो शोभत नव्हता.

तिने मालकापासून सुरुवात केली.

"परवा दुपारी कुठं होतात?"

"इथंच. इंजिनात डोकं घालून. अंधारेपर्यंत बोटीवरून पाय खाली ठेवला नाही."

"होडीतून कुठं गेला नाहीत?"

"होडीतून?" त्याने असं तोंड केलं, की जणू तिने त्याला गाढवावर बसवलं होतं. "दोन मजली बोट चालवणारा माणूस मी. त्या पोखरलेल्या ओंडक्यात लहानपणी कधी बसलो असेन. होडी म्हणजे काय बोट झाली? तो यांचा धंदा." त्याने हनुवटीने बेन्तोकडे खूण केली.

"डॉक्टर कसे होते?"

"मला ड्रायव्हर म्हणायचे. टॅक्सीवाल्याला म्हणतात तसं." एवढं बोलून तो पुन्हा दांड्याकडे गेला.

डॉक्टरांची साहाय्यक हेलोईझा वरच्या मजल्यावर टांगत्या झोळीत तापाने पडून होती, गेले काही दिवस. नाझारे तिला वरचेवर पेज पाजत होती, म्हणून तिच्यावर संशयाचा प्रश्नच नव्हता. पण जीभ ठणठणीत होती.

"त्यांना मारावंसं कुणाला वाटलं, ते विचारू नका," ती म्हणाली. "कुणाला वाटलं नाही, ते विचारा. तुमचा वेळ वाचेल. माझं तीन वर्षांचं काम त्यांनी स्वतःच्या नावावर छापलं. खाली माझे आभार मानले, चहाबद्दल."

"बेन्तोशी भांडण कशावरून?"

हेलोईझा हसली आणि खोकली. डॉक्टरांना सगळंच येत असे. एका संध्याकाळी त्यांनी होडी स्वतः बांधली, फांदीला, आखूड दोराने, करकचून. सकाळी पाणी खाली गेलेलं आणि होडी नाकाने फांदीला लटकलेली, वाळत घातलेल्या माशासारखी. त्यांचा दुर्बिणीचा डबा नदीत गेला. सगळी बोट हसली. डॉक्टरांनी होडीवाल्या बेन्तोला थोबाडीत मारली.

"बांधली त्यांनी आणि मार याला?"

"मग कुणाला मारणार? स्वतःला?"

नाझारे चुलीपाशी होती. कसाव्याचं पीठ परतत होती, आणि झोळीतलं तिचं बाळ रडायला लागलं होतं. तान्हं, भुकेचं रडणं. जुसाराच्या घरीही असंच एक आईजवळ ठेवलेलं होतं. तिला पान्हा फुटला, आणि खाकी सदऱ्यावर दोन ओले डाग उमटले. ती गडबडून पाठमोरी झाली. नाझारेने खांद्यावरचं फडकं तिच्या हातात दिलं.

"किती महिन्यांचं?" तिने विचारलं.

"पाच."

"माझीही तेवढीच." मग कढईत उलथणं तसंच धरून ती म्हणाली, "बेन्तो माझा नवरा आहे. तुम्ही त्याला तिकडं नेलंत तर तो माघारी येणार नाही. हिला बाप राहणार नाही. तुम्हालाही ठाऊक आहे ते."

जुसाराने नाही म्हटलं नाही. तिने बोटीवरच्या गाळाच्या पट्ट्याबद्दल विचारलं.

"परवा बसली ना गाळात," नाझारे म्हणाली. "ऊन उतरायच्या सुमाराला. माझी पातेली घसरली, बाळाची झोळी भिंतीला आपटली. अंधार पडताना सगळ्यांनी मिळून ढकलली. मालक तर वेडा झाला होता. बेन्तोवर ओरडत होता."

"बेन्तो तेव्हा इथं होता?"

"नुकता आला होता. डॉक्टरांनी त्याला वाळूच्या खालच्या टोकाला घरटी मोजायला पिटाळलं होतं आणि स्वतः होडी घेऊन वर गेले होते. हा वाळू तुडवत पायी परत आला. पण त्याला तिथं बघितलं कुणी? कासवांनी."

घडलं त्या जागी जुसाराला बेन्तोच दुसऱ्या होडीतून घेऊन गेला. नदी तिथं मोठा वळसा घेत होती. पाण्याने लांब, पण कोरड्या दिवसांत उघडी पडलेली वाळू ओलांडली की मोहिमेची बोट जवळच. पावसाळ्यात हा रस्ता नसतो. आता कुणीही पायी येऊ-जाऊ शकत होतं. शोधायला आलेल्यांनी तिथली वाळू अशी तुडवली होती, की पाऊलखुणांचं नाव नको.

काठाला लागताच बेन्तोने वल्हं होडीच्या दोराच्या फासातून चिखलात खुपसलं आणि मागे न बघता उतरला. पाणी उतरेल तशी होडी वल्ह्याभोवती आपोआप खाली सरकणार. गाळात बसलीच, तर एका हाताने ओढायची.

डॉक्टरांची होडी जुसाराच्या सांगण्यावरून कुणी हलवली नव्हती. मुळीला बांधलेला दोर लांब आणि सैल होता. काठ आणि होडी यांच्या मधे एक दांडा तिरका अडकवलेला होता. आता पाणी आणखी उतरून होडी अर्धी चिखलात आली होती, तरी दांडा तसाच. बेन्तोने त्याच्याकडे पाहिलं. सकाळपासून पहिल्यांदा त्याच्या फुटलेल्या ओठाचा कोपरा हलला.

जुसाराने दांडा उपसला. एक टोक तासून टोकदार केलेलं, त्यावर जुना काळा चिखल. दुसऱ्या टोकाला काळपट तांबडा डाग, धुऊनही न गेलेला. जमिनीत रोवायचा खुंटा होता तो.

"इथं खुंटे कशाला रोवतात, बेन्तो?"

त्याने वाळूच्या मागच्या झाडीकडे पाहिलं. तिथं गिधाडं बसली होती.

झाडीआड एक तळं होतं. नदीला चिंचोळ्या ओहोळाने जोडलेलं, ओहोळ आता जेमतेम होडीपुरता. तळ्यात खुंट्यांचं कुंपण, आणि कुंपणात कासवं. अंडी घालायला आलेल्या माद्या, एकमेकींच्या पाठीवर चढलेल्या, काही मेलेल्या. त्या पकडायला बंदी आहे, म्हणूनच शहरातल्या बड्या पंगतींना त्यांचं मांस लागतं. कुंपणाचं दार हिरव्या नायलॉनच्या दोराने बांधलेलं होतं. आणि खुंट्यांच्या ओळीत एक खुंटा नव्हता.

जुसाराने हातातला दांडा त्या भोकात उभा केला. नेमका बसला.

ऊन कलतं झाल्यावर तिने सगळ्यांना खालच्या मजल्यावर जमवलं. वाल्देमीरोला मुद्दाम आतल्या बाजूला बसवलं, दारात सेल्सोला उभं केलं.

"डॉक्टरांना तळ्यातलं कुंपण सापडलं," ती म्हणाली. "त्यांना कासवांचा कळवळा होता की पेपरात फोटो येण्याचा, तो प्रश्न वेगळा. ते बोंब ठोकणार होते. कुंपणवाल्याने कुंपणाचाच खुंटा उपटला आणि त्यांच्या डोक्यात घातला. पण प्रेत तिथं ठेवून चालणार नव्हतं, पोलीस तळ्यावर आले असते. म्हणून त्याने ते होडीत घालून ओहोळातून नदीवर आणलं, वळणावर टाकलं. होडी सोडून दिली असती, तर ती वाहत वाहत या बोटीपुढून गेली असती, आणि लगेच शोधाशोध झाली असती. डॉक्टर स्वतःच तिथं उतरले असं दिसायला हवं होतं, म्हणून त्याने होडी बांधली. मग वाळूवरून पायी परत."

"तेच तर," वाल्देमीरो म्हणाला. "पायी कोण आला, सगळ्यांना ठाऊक आहे."

"डॉक्टरांना होडी बांधता येत नव्हती. त्यांनी बांधली असती, तर ती लटकली असती. तेव्हा बांधणारा नदीवरचाच."

"मग हाच की."

"बेन्तो होडी बांधतच नाही. वल्हं खुपसतो आणि निघून जातो. तुम्ही होडीला टेकू दिलात, वाल्देमीरो. सैल दोर आणि दांडा. एका हाताने ढकलता येते त्या होडीला. गाळात बसायची भीती फक्त मोठ्या बोटवाल्याला असते. तुम्हाला होडी म्हणजे बोट वाटत नाही, म्हणून होडी कशी ठेवतात ते कधी बघितलंत नाही. डॉक्टरांचा तुम्हाला एवढा तिटकारा, की त्यांच्यासारखी वेडगळ गाठ मारायलाही हात धजला नाही."

वरून हेलोईझाचा खोकला आला.

"एका दांडक्यावरून माणसाला धरता?" वाल्देमीरो म्हणाला. "हा धंदा शिकवला कुणी तुम्हाला? भांडी घासा घरी जाऊन."

"भांडी इथलीच घसरली होती," जुसारा शांतपणे म्हणाली. "परवा, ऊन उतरताना. तुम्ही म्हणता, तुम्ही बोटीवरच होतात. इंजिनापाशी, खाली, जिथं गाळ घासला की पहिल्यांदा ऐकू येतं. तुमच्या दांड्याला दुसऱ्याचा हात लागत नाही. आणि तुम्ही इथं असताना तुमची बोट गाळात बसली? माझा नाही विश्वास बसत. तुमच्या हाताने त्या दुपारी टेकू दिला, पण दुसऱ्याच बोटीला. कुंपणाच्या दाराचा हिरवा दोर ज्या गुंडाळीतून कापलाय, ती तुमच्या मागच्या खांबावर आहे, कापलेली टोकं जुळवून झालीत."

त्याच वेळी बोटीच्या पोटाखालून एक हलकी घरघर आली. पाणी दिवसभर उतरत होतं आणि वाल्देमीरोला आत बसवल्यापासून दांडा कुणी सरकवला नव्हता. वाल्देमीरो कुणाच्या परवानगीची वाट न बघता उठला. सेल्सोने त्याला खांदा धरून खाली बसवलं.

"बोट बसतेय," वाल्देमीरो म्हणाला. आवाजात पहिल्यांदा विनवणी होती. डॉक्टरांसाठी नव्हती, बेन्तोसाठीही नव्हती.

त्याला लाँचवर बसवलं, शेजारी बर्फाच्या पेटीत डॉक्टर. दोघं एकमेकांना शोभत होते. वरिष्ठांना वायरलेसवर कळवलं, तेव्हा त्यांनी विचारलं, नक्की आदिवासी नाही ना? जुसाराने यंत्र बंद केलं.

लाँच सुटली. वाल्देमीरो बेड्या घातलेल्या हातांनी कठड्याला धरून मान वळवून वळवून मागे बघत होता.

"दांडा सरकवा," तो ओरडला. "कुणीतरी दांडा सरकवा रे."

काठावर बेन्तो मुलीला खांद्यावर घेऊन उभा होता. त्याने ऐकलं, आणि ऐकलं नसल्यासारखा उभाच राहिला, लाँच वळणाआड जायला आली तोवर. मग त्याने मुलीला नाझारेकडे दिलं, चिखलात उतरला, आणि दांड्याला खांदा लावला. बोट कुरकुरत पाण्याकडे सरकली.

जुसाराने मान वळवली. ओलं फडकं अजून तिच्याकडेच राहिलं होतं. परत द्यायला यावं लागणार होतं.