मागचं डावं दार

या, अशा जवळ सरकून बसा. पाय दुखत असतील तर पसरा, आपलंच घर आहे. गोष्ट सांगतो, पण आधीच बजावतो, ही घडलेली आहे. ज्याच्या बाबतीत घडली तो माझा सख्खा मावसभाऊ. खोटं बोलायची त्याला ऐपतच नाही. खोटं बोलायला डोकं ताजं लागतं, आणि हा माणूस गेली कित्येक वर्षं थकलेलाच आहे.

गावभर त्याला फोरमन म्हणतात. गॅरेज त्याचंच, कामगारही तोच. उगाच आपलं फोरमन.

थंडीचे दिवस होते. दिवेलागणीची वेळ. गॅरेजचं शटर अर्धं ओढलेलं, आणि आत बहिणीची गाडी उभी. सेकंडहँड, पांढरी, घरगुती. फोरमननंच बघून घेऊन दिलेली.

"डोळे झाकून घे," असं म्हणाला होता तो बहिणीला.

आता तीच बहीण स्टुलावर बसून त्याला ऐकवत होती.

"डोळे झाकून घेतली ना दादा, म्हणूनच अशी निघाली."

"अगं, गाडी चांगली आहे."

"चांगली आहे, फक्त चालू होत नाही. माणसाचंही असंच म्हणतात बघ. स्वभावानं चांगला होता, फक्त गेला."

फोरमनला हसू आलं, पण पुरतं हसायलाही ताकद लागते.

गाडी घेतली होती ती बाबांसाठी. बाबांच्या किडन्या निकामी झालेल्या. दिवसाआड डायलिसिस. हॉस्पिटल शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, आणि पाळी मिळालेली पहाटेची. त्या वेळी ना रिक्षा, ना बस. मागच्या खेपेला गाडी दारातच बंद पडली आणि पाळी चुकली. बाबांच्या अंगात पाणी साठलं, पाय सुजले, रात्रभर बसून श्वास घ्यावा लागला. डॉक्टरांनी साफ सांगितलं होतं, पुन्हा चुकवू नका. पुन्हा चुकली तर आमच्या हातात काही नाही.

आणि उद्या पहाटे पाळी होती.

दुखणं एकच. रात्री उभी केलेली गाडी सकाळी मेलेली. फोरमननं नवी बॅटरी घातली. अल्टरनेटर तपासला, चार्जिंग ठणठणीत. तरी रात्रीतून कोणीतरी बॅटरी पिऊन टाकायचं.

आणि एक बारीक गोष्ट होती. गाडी मागून डावीकडे किंचित बसलेली. फोरमननं स्प्रिंग बदलली, शॉकअब्सॉर्बर बदलला. तरी तशीच... एका कुशीवर कललेली. मागं कुणी बसलेलं असावं तशी.

त्या संध्याकाळी त्यानं बॅटरीच्या वायरीत मीटर लावला. सगळी दारं बंद केली, किल्ली खिशात घातली आणि वाट बघत उभा राहिला. गाडी बंद केल्यावरही तिच्या आत थोडा वेळ बारीकसारीक कामं चालू असतात. मग एकेक निजतं, आणि मीटरचा आकडा खाली येतो. वीज कोण खातंय ते त्यानंतर शोधायचं.

आतला दिवा मंद होत विझला.

आकडा खाली आला. खाली... अजून खाली... गाडी निजली.

"बघ," फोरमन म्हणाला, "काही गळती नाही..."

खट्.

आकडा टुणकन वर गेला. गाडीतला दिवा लागला.

दारं बंद होती. किल्ली खिशात होती.

बहीण स्टुलावरून उठली. "हे कोणी केलं?"

"लॉकची मोटर. मागच्या डाव्या दाराची." फोरमनच्या आवाजात आनंद होता. चोर सापडला होता. "रात्रभर हीच आपोआप उघडझाप करत असणार. मग बॅटरी राहील कशी?"

त्यानं त्या दाराचं आतलं पॅनल काढलं, मोटरच्या वायरी सोडवल्या, मोटरच उचलून बाकावर ठेवली. पुन्हा दारं बंद. पुन्हा वाट बघणं.

दिवा विझला. आकडा खाली आला.

शांतता.

खट्...

मोटर बाकावर पडलेली. आवाज दारातून आला.

खट्... खट्...

हा आवाज फोरमनच्या ओळखीचा होता. मोटरचा नव्हताच तो. आतून हँडल ओढलं, दार उघडलं नाही आणि हँडल परत बसलं, की असा आवाज होतो.

त्यानं बाहेरून दार उघडलं. लगेच उघडलं. दाराच्या कडेला ती बारीक खिट्टी असते ना, मुलांनी चालत्या गाडीत दार उघडू नये म्हणून? चाइल्ड लॉक. ते लावलेलं होतं. बाहेरून उघडायचं, आतून नाही.

इतके दिवस हे त्याच्या ध्यानात कसं आलं नाही? कसं येणार? मेकॅनिक दार कायम बाहेरून उघडतो. हात काळे, सीट लोकांची, आत बसतोय कोण! आणि बाबा नेहमी उजव्या दारानं चढायचे, डायलिसिसची सुई टोचतात तो हात सांभाळत. पिशवीसुद्धा मांडीवर घेऊन बसायचे. बहीण म्हणायची, बाजूला ठेवा की, एवढी सीट रिकामी आहे.

बाबा म्हणायचे, "राहू दे. तिथं नको."

फोरमननं शटरबाहेर जाऊन गाडीच्या जुन्या मालकाला फोन लावला. पलीकडचा माणूसही त्याच्यासारखाच दमलेला.

"ते लॉक होय? आईसाठी लावलं होतं. शेवटी शेवटी तिला काही कळायचं नाही. चालत्या गाडीत दार उघडायला जायची. सारखं एकच, घर आलं का, घर आलं का. मी दारात गाडी लावायचो, फिरून तिच्या बाजूला यायचो, दार उघडायचो आणि म्हणायचो, आई, घर आलं, उतर. मगच उतरायची. नुसतं दार उघडून उपयोग नाही, म्हणावं लागायचं."

"आता कुठं असतात त्या?"

पलीकडं रेडिओ बंद केल्याचा आवाज. मग...

"गाडीतच गेली हो. येता येता. मला वाटलं झोप लागली. दारात आल्यावर कळलं. लोक धावले, उजव्या दारानं बाहेर काढलं. का? गाडीत काही बिघाड आहे का?"

"नाही," फोरमन म्हणाला. "किरकोळ आहे."

बहिणीला त्यानं यातलं काही सांगितलं नाही. स्वतःलाही सांगितलं नाही म्हणा ना! दिवसभर लोकांच्या गाड्यांखाली आडवा पडलेला माणूस. म्हणाला, वायर शॉर्ट असेल, उद्या दुपारी बघू. खिट्टी तेवढी खाली केली, दार आतूनही उघडावं म्हणून. बॅटरी चार्ज केली, शेजारच्या टेम्पोची जादा बॅटरीही भरून डिकीत टाकली आणि बहिणीला म्हणाला, "पहाटे मीच नेतो बाबांना."

पहाटे गाडी चालू झाली. एका फटक्यात.

फोरमननं मनातल्या मनात देवाला हात जोडले. मागं उजवीकडं बाबा, मांडीवर पिशवी. श्वास जड चाललेला. वाटेत धुकं. कालव्याकाठचा रस्ता, एका बाजूला झाडं, दुसऱ्या बाजूला दूरदूर एखादं बंद फाटक.

तिथं एका वळणावर हेडलाइट पिवळे पडले.

मग लाल.

मग काहीच नाही. इंजिन एक उसासा टाकून थांबलं.

फोरमननं बॉनेट उघडलं. जादा बॅटरी जोडली. किल्ली फिरवली. स्टार्टर हूं की चूं नाही. दोन्ही बॅटऱ्या कोरड्या. संध्याकाळी स्वतः भरलेल्या, आणि कोरड्या! अँब्युलन्सला फोन केला. ते म्हणाले, गाडी बाहेर गेलीय, परत आली की पाठवतो. रस्त्यावर चिटपाखरू नाही.

तो बाबांजवळ आला. बाबांचे ओठ निळसर दिसत होते. बोलताना शब्दाशब्दाला थांबत होते.

"बाबा, जरा धीर धरा."

"मी धरलाय रे... तिला... सुचत नाही."

"कुणाला?"

बाबांनी रिकाम्या सीटकडं मान वळवली. जसं आपण ओळखीच्या माणसाकडं वळवतो तशी.

"पहिल्या दिवसापासून... विचारतेय. घर आलं का..."

जुन्या मालकाचं बोलणं त्यानं बाबांना सांगितलेलं नव्हतं. कुणालाच नव्हतं.

"दादा," बाबा म्हणाले. फोरमन थोरला, म्हणून बाबाही त्याला दादाच म्हणत. "मला... श्वास पुरत नाही रे."

माणूस अशा वेळी काय करतो? देव आठवतो, आई आठवते, आणि हाताला येईल ते करतो. फोरमन गाडीला वळसा घालून डाव्या बाजूला गेला. मागचं दार उघडलं. म्हाताऱ्या माणसासाठी धरतात तसं धरून उभा राहिला. समोर धुकं, आणि धुक्यात कुणाचं तरी बंद फाटक. कुणाचं, ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

तो म्हणाला, "आजी, घर आलं. उतरा."

काही झालं नाही.

मग... सीटचा रेक्झिन करकरला.

आणि गाडी मागून डावीकडे वर आली. हळूच. भार उतरल्यावर स्प्रिंग सोडते तशी. स्प्रिंग त्यानंच बसवलेली. तिचा आवाज त्यानं ओळखला.

त्याच्या मनगटाला काहीतरी घासून गेलं. आधाराला धरावं तसं. गार नव्हतं. साधं, सुकलेलं, म्हातारं.

तो पळत जाऊन बसला, किल्ली फिरवली. गाडी चालू झाली. दिवे लख्ख.

हॉस्पिटल वेळेत गाठलं. बाबांची पाळी झाली, पाणी उतरलं, चेहऱ्यावर रंग आला. येताना बाबांनी पिशवी उचलली आणि पहिल्यांदाच शेजारच्या सीटवर ठेवली. थोडा वेळ तिच्याकडं बघत बसले.

मग म्हणाले, "कुठं उतरवलंस रे तिला?"

फोरमननं गिअर बदलला.

"ते काही तिचं घर नव्हे."

"तुमचा जीव चालला होता बाबा."

"हो रे, तेही खरंच. तू तरी काय करणार?" बाबांनी डोळे मिटले. "पण विश्वासानं उतरली बिचारी."

त्या दिवसापासून गाडीत कसलाही बिघाड नाही. सरळ उभी राहते, सकाळी एका फटक्यात चालू होते. बहीण सगळ्यांना सांगते, दादानं काय हात फिरवला कोण जाणे. बाबा अजून आहेत, दिवसाआड जातात.

फोरमन मात्र बहिणीकडून गाडी मागून घेतो आणि त्या वळणावर नेऊन उभी करतो. एकदा तर जुन्या मालकाच्या घराचा पत्ता विचारून गाडी तिथंही घेऊन गेला होता. वळणावरच्या त्या बंद फाटकासमोर थांबतो. मागचं डावं दार उघडतो. म्हणतो, "आजी, चुकलं. बसा, घरी सोडतो."

थांबतो. स्प्रिंगकडं बघत राहतो.

गाडी दबत नाही.

मीही गेलो होतो एकदा त्याच्याबरोबर. मला काही दिसलं नाही, खोटं कशाला सांगू. फक्त परत निघताना, दूर फाटकाच्या बाजूनं, आवाज आला...

खट्.

कुणी आतून कडी ओढतंय की बाहेरून, ते कळलं नाही. फोरमननं माझ्याकडं न बघता गिअर टाकला.

बाबांसाठी प्रार्थना करणारे पुष्कळ आहेत. तुमच्याकडं एवढंच मागतो. दिवा मालवून पाठ टेकाल, आपण आपल्या घरात आहोत हे कळून जरा बरं वाटेल, तेव्हा त्या म्हातारीची आठवण ठेवा. नाव मला माहीत नाही. आजी म्हणा, तिला कळेल.