मनगटावर नको

लोखंडी शिरस्त्राणाच्या आतून कुणीतरी अगदी स्वच्छ मराठीत म्हणालं, "आई गं... मेलो!"

मी जागीच थांबले. माझ्या हातात ढोलाचं टिपरू होतं, कमरेचा पट्टा अर्धवट बांधलेला. समोरच्या बाकावर काळा झगा, छातीवर पांढरा क्रॉस, अंगात साखळ्यांचं चिलखत असा एक उंच सरदार दोन्ही हातांनी स्वतःचं डोकं उपटायच्या बेतात होता.

"मराठी?" मी विचारलं.

हात थांबले. "अहो... देवच पावला! ही झडप उघडत नाहीये. मघापासून माझाच श्वास मला परत मिळतोय."

"ओढू नका. बिजागरीची पिन वाकलीये. ओढाल तेवढी अडकेल."

"तुम्हाला कसं कळलं?"

"दिसतंय ना. आणि माझं कामच ते आहे." इथे आयर्लंडमध्ये, शॅननच्या एका लॅबमध्ये मी हाडात बसवायच्या स्क्रूंची तपासणी करते. पण एवढं सगळं शिरस्त्राणाला सांगत बसण्यात अर्थ नव्हता.

हॉलच्या किचनमध्ये तेल मिळालं नाही, लोणी मिळालं. बोटभर लोणी पिनेला लावलं, टिपरूचं टोक तिच्यावर टेकवलं आणि हळूच दाबलं. टक्... झडप वर गेली. आत घामाने चिकटलेले केस, लाल झालेलं नाक आणि मनापासून हसणारे दोन डोळे.

"अद्वय," तो म्हणाला. "लिमरिकला सॉफ्टवेअरमध्ये आहे. मूळचा नागपूरचा."

"यामिनी. पुण्याची."

"लोणी लावणारी पुणेकर!" तो म्हणाला. "आईला सांगितलं तर विश्वास ठेवणार नाही."

मी टिपरूवरचं लोणी पुसत राहिले. पण घरी जाताना गाडीत एकटीच हसले, हे खरं.

किलरोन हे लिमरिकपासून अर्ध्या तासावरचं गाव. क्रूसेडच्या लढायांवरून परतलेल्या नाइट लोकांनी इथे मठ बांधला, आजाऱ्यांसाठी खाटा ठेवल्या. त्यातली आता एक भिंत उरली आहे, आणि तिच्या कुशीत नाक झिजलेला एक दगडी नाइट झोपलेला आहे. त्याच्या आठवणीत गाव दर ऑगस्टमध्ये उत्सव करतं. तलवारबाजी, मिरवणूक, मैदानावर भाजलेलं डुक्कर, आणि या वर्षी आमच्या मराठी मंडळाचं ढोलपथक. समितीच्या बर्नीबाईंनी आमची गणपतीची मिरवणूक पाहिली होती. "आमच्या नाइटांना असा आवाज हवा होता," म्हणाल्या.

म्हणून जूनपासून दर रविवारी गावच्या हॉलमध्ये अर्ध्या भागात आमचा सराव चाले आणि अर्ध्या भागात तलवारींचा. त्यांच्यातल्या एकाचा घोटा मोडला होता आणि बदली माणूस उंच हवा होता, एवढ्या कारणाने अद्वय नाइट झाला होता.

"आईला फोटो पाठवलास?" मी एकदा विचारलं. तोवर आम्ही 'अहो'वरून 'अगं-अरे'वर आलो होतो. कधी आलो ते दोघांनाही आठवत नव्हतं.

"पाठवला. म्हणाली, रोज अथर्वशीर्ष म्हणत जा."

"मग?"

"म्हणतो ना. झडप बंद असली की. आत मस्त घुमतं."

चहाच्या सुट्टीत आम्ही दाराशी उभे राहायचो. बाहेर इथला तो बारीक पाऊस, पडतोय की नुसता हवेत तरंगतोय हे न कळणारा. तो बोलायचा, मी ऐकायची. मध्येच थांबून तो माझ्याकडे बघायचा, आणि मी घाईने मगमध्ये बघायची. चहा कधीच संपलेला असायचा.

अशाच एका रविवारी त्याने कॉलेजची गोष्ट सांगितली. सेकंड इयरला त्याला एक मुलगी आवडायची. महिनाभर धीर गोळा करून तो तिच्याशी बोलायला गेला, तर त्या दिवशी नेमकी राखीपौर्णिमा.

"तिने काही बोलूच दिलं नाही. हात धरला, राखी बांधली, वर पेढा. पेढा चांगला होता गं... तेच जास्त लागलं."

मी इतकी हसले की ढोल कलंडला.

"हस, हस. तेव्हापासून ऑगस्टमध्ये मी लांब बाह्यांचे शर्ट घालतो."

त्याच दिवशी, निघताना, तो सहज म्हणाला, "दिवाळीला नागपूरला जातोय. आईने मुली बघायचा कार्यक्रम ठेवलाय."

"छान," मी म्हणाले.

"छान?"

"म्हणजे... बरंय."

तो हेल्मेट काखेत मारून गाडीकडे गेला.

मला मोजायची सवय आहे, पटकन बोलायची नाही. तरी एवढं कळत होतं, की उत्सव झाला की रविवार संपणार. त्याला इकडे यायचं कारण राहणार नाही, मलाही नाही. मग दिवाळी येईल. उत्सवाच्या आदल्या दिवशी मी ठरवलं, उद्या बोलायचं. दगडी नाइटाच्या शेजारी, गर्दीपासून बाजूला, दोन साधी वाक्यं. गाडीत त्यांची तालीमही केली.

पण सकाळी बर्नीबाईंनी मला गाठलं. हातात एक हिरवी रेशमी फीत.

"यामिनी, लव्ह, आज तू आमची लेडी! शेवटच्या लढतीआधी गावातली एक बाई नाइटच्या मनगटाला फीत बांधते. मग तो तिच्यासाठी लढतो. दरवर्षीची रीत आहे. ढोलवाल्यांचा मान म्हणून यंदा तू."

"कोणत्या नाइटच्या?" मी विचारलं. उत्तर मला माहीत होतं.

"तुमच्याच त्या उंच मुलाच्या! ग्रँड, ना?"

मी फीत हातात घेतली. दोन्ही टोकं मोकळी, मध्ये गोंड्यासारखं फूल. पुण्यात कुठल्याही दुकानात टांगली असती तर कुणी दुसरं नाव दिलं नसतं.

दुपारी मैदान भरलं. पाऊस थांबून गवत नुसतं चमकत होतं. बर्नीबाई माइक घेऊन माझ्या शेजारी उभ्या राहिल्या. मागे आमचं पथक, त्याच्या पुढच्या रांगेत स्वप्नाताई, ज्यांनी आम्हा सगळ्यांना ढोल शिकवला. अद्वय समोर आला. झडप वर होती. त्याने माझ्याकडे बघितलं, हसला, मग त्याला माझ्या हातातली फीत दिसली.

हसू गेलं. उजवा हात हळूच पाठीमागे गेला.

लोक हसले. "लाजतोय!" बर्नीबाई माइकवर म्हणाल्या आणि माइक आमच्या दोघांच्या मध्ये धरून उभ्या राहिल्या.

"तूसुद्धा?" तो हळू आवाजात म्हणाला. "यामिनी... नीट सांगितलं असतंस तरी चाललं असतं."

"मला नाही बांधायची."

"बरं. तसं सांग त्यांना. मी काही..."

"अद्वय, ऐक." तालमीतली दोन्ही वाक्यं पार उडून गेली होती. "मला मनगटावर नाही बांधायची. इथे तिचा अर्थ काही असेल. पण मी बांधली तर मला ती राखीच वाटणार, तुलाही. आणि तू माझा भाऊ झालेला मला... चालणार नाही. अजिबात चालणार नाही. आणि दिवाळीला त्या मुली बघितलेल्याही चालणार नाहीत."

माझा आवाज मैदानाच्या त्या टोकाला आपटून परत आला. ...चालणार नाहीत.

"अगं यामिनी," मागून स्वप्नाताई ओरडल्या, "माइक चालू आहे!"

शेकडो आयरिश माणसं शांतपणे माझ्याकडे बघत होती. त्यांना एक अक्षर कळलं नव्हतं. पण पथकातल्या प्रत्येकाला प्रत्येक अक्षर कळलं होतं. स्वप्नाताईंनी टिपरू उचललं, ढोलावर एक ठोका पडला, आणि तो पडायचीच वाट बघत असल्यासारखा सगळा ताशा कडाडला. मग मैदानालाही कळलं. टाळ्या, शिट्ट्या... बर्नीबाईंनी डोळे पुसले. कशासाठी ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

मी खाली बघत फीत त्याच्या तलवारीच्या मुठीला बांधली. गाठ नीट बसली. त्याने काही बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात शिंग वाजलं, आणि कुणीतरी त्याची झडप खाली ओढून त्याला रिंगणात ढकललं.

ठरल्याप्रमाणे ही लढत तो जिंकणार होता. तीन महिने त्याने तेच घोकलं होतं. पण पहिल्याच वाराला जिथे खाली वाकायचं तिथे तो बहुधा हसत उभा राहिला. ढाल आदळली आणि माझा सरदार ओल्या गवतात उताणा पडला. समोरचा नाइट गोंधळून त्यालाच सॉरी म्हणत होता.

मी धावले. गुडघ्यावर बसले. "लागलं का?"

"नाही," आतून आवाज आला. "पण हे परत अडकलंय."

"ओढू नकोस."

"नाही ओढत." मग, "यामिनी... माझं उत्तर राहिलं."

"दे ना मग."

"असं नाही. डब्यातून नाही. तुझ्याकडे बघून द्यायचंय."

मी माझ्या कुर्त्याच्या खिशात हात घातला. सकाळी घरून निघताना एक छोटी डबी बरोबर घेतली होती, लागलीच तर असू दे म्हणून.

"काय आहे?" त्याने विचारलं.

"लोणी."

आतून इतकं मोठं हसू आलं, की मी कमरेला खोचलेलं टिपरू काढून पिनेवर टेकवायच्या आधीच झडप थरथरायला लागली. बारीक पाऊस पुन्हा सुरू झाला होता, की नुसता तरंगत होता... मी हळूच दाबलं.

टक्.

"मीसुद्धा," तो म्हणाला. "पहिल्या लोण्यापासून."