शिवकन्येचा टेप आणि सुदर्शनचा तिसरा हात

मानवजातीच्या वाटचालीत दोनच हात खऱ्या अर्थानं महत्त्वाचे ठरले. पहिला, ज्यानं दगडावर दगड घासून विस्तव केला. दुसरा, जो सत्त्याण्णव साली लातुरात, गंजगोलाईमागच्या गल्लीत, जिलानीचाचांच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात जन्मला. या दुसऱ्या हाताला चहाचा कपही उचलता येत नव्हता, ही गोष्ट वेगळी.

हात सुदर्शननं केला होता. भूकंपात गाव गेलं तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. तेव्हापासून गल्लीतून नुसता ट्रक गेला तरी त्याची बोटं थरथरत. म्हणून त्याला एक न थरथरणारा हात हवा होता. बोटं सायकलच्या तारांची झाली, दंड ॲल्युमिनियमच्या पट्टीचा झाला. कोपराला मात्र चांगली मोटर मिळेना.

त्याच आठवड्यात शिवकन्या आली. अहमदपूरची, बी.एस्सी. झालेली. क्लासच्या सरांची लेक्चरं टेप करायची आणि खोलीवर ऐकून नोट्स उतरवायच्या, हे तिचं काम. तिचा दोन स्पीकरचा टेप बंद पडला होता.

"कवा मिळंल?"

सुदर्शननं टेप उघडला. आतली मोटर पाहिली, मग तिचे डोळे पाहिले... आणि दोन्हींवरून नजर हलेना.

"पार्ट... हैदराबादहून यायचाय."

पाच महिने पार्ट काही आला नाही. शिवकन्या दर गुरुवारी चौकशीला यायची. हैदराबाद काही इतकं लांब नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"हे काय करायलास?" एका गुरुवारी तिनं विचारलं.

"हात हाय. कोपरात रेडिओचं आवाजाचं बटण बसवलंय, ते सांगतं हात कुठंय. हे दुसरं, माझ्याजवळचं, सांगतं कुठं जायचंय. दोन्ही जुळंस्तोवर मोटर फिरती."

"फिरव की मंग."

त्यानं बटण जरासं फिरवलं. हात उसळला आणि चाचांची टोपी उडवून गेला. पुढचं अंतर मात्र गोगलगायीसारखा रांगला.

"मियाँ," चाचा टोपी झटकत म्हणाले, "पहले इसको तमीज सिखाओ."

शिवकन्येनं वही काढली. बटण थोडं थोडं फिरवून मीटरवरचे आकडे लिहिले, आलेख काढला. लातुरात त्या काळी लोक लग्नपत्रिकेच्या पाठीवरसुद्धा गणितं सोडवत.

"बघ, रेघ वाकडी हाय. हे बटण कानासाठी केलेलं, कोपरासाठी न्हाई. सारखं मोजणारं पायजे. माझ्या टेपात हाय तसलं, डावा-उजवा स्पीकर जुळवायचं. काढ ते."

सुदर्शन उठेना. शेवटी तिनंच टेप उघडला.

"मोटर कुठंय?"

त्यानं तारांच्या हाताच्या कोपराकडं बोट केलं.

"म्हंजी पाच महिने मी हिलाच भेटायला येत होते?"

"हिला... आन्‌..."

"आन्‌?"

गल्लीत एकही ट्रक नव्हता. तरी बोटं थरथरत होती. तिनं बटण काढून त्याच्या तळहातावर ठेवलं आणि निघून गेली.

जूनमध्ये तिला नांदेडला एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला. जायच्या दिवशी ती बॅग घेऊन दुकानात आली. एसटीला अर्धा तास होता. आज बोलला नाही, तर ती गेलीच, हे सुदर्शनला कळत होतं. त्यानं बटण फिरवलं. हात निघाला — सावकाश, सरळ, तिच्याच दोन स्पीकरांच्या बटणाच्या शिस्तीत. बोटांत चिठ्ठी होती. तिच्यापाशी पोचता पोचता, बटणावरच्या त्याच्या बोटांसारखाच, हात थरथरू लागला.

"अजून थरथरतोय..." तो ओशाळला.

"थरथरू दे. नायतर कुणाचा हाय ते कळलं नसतं."

चिठ्ठीत लिहिलं होतं, 'मोटर परत देऊ, का तू परत येशील?'

तिनं लाल पेनानं खाली लिहिलं, 'मोटर ऱ्हाऊ दे.'

चाचांनी टोपी तोंडावर ओढून झोपल्याचं सोंग केलं.

आज नांदेडच्या घरात तो हात कपाटावर आहे. लग्नाला पंचवीस वर्षं झाली, त्या संध्याकाळी सुदर्शननं त्याची धूळ पुसली आणि गहिवरून म्हणाला, "शिवे, भूकंपानं सगळं नेलं. तू आलीस अन्‌ पायाखाली जमीन आली. आज काय पायजे ते माग."

शिवकन्येनं चष्मा काढला. त्याची थरथरती बोटं आपल्या हातात घेतली.

"अहो," ती हळूच म्हणाली, "तेवढा माझा टेप दुरुस्त करून द्या."