प्लास्टिकचा पुतळा ओरडत नाही

"हात तसा नका फिरवू... माझ्याकडे द्या," तो म्हणाला.

पावसाने ओल्या झालेल्या पायरीवर घसरून तिचं मनगट टम्म सुजलं होतं. एक्स-रेवाल्याने आधी आपले तळवे चोळून ऊब आणली. मनगटाखाली टॉवेलची घडी सरकवली. मग हळूच – इतकं हळूच, की हात कधी नीट ठेवला गेला ते तिला कळलंच नाही.

"दुखलं?"

"हात लावलात तरी कधी?"

तो हसला. हसताना मान खाली घालायची खोड होती त्याला.

ती एक्स-रेच्या कॉलेजात शिकवायची. नवा अभ्यासक्रम तिनेच आखायला घेतला होता. मुलं प्लास्टिकच्या पुतळ्यावर हात फिरवून पास होत, हे तिला सलत होतं. या माणसाच्या खोलीत सराव मिळाला नाही, तर अभ्यासक्रम कागदावरच राहणार होता. मनगट बरं झालं, तरी 'तुम्ही हे कसं करता?' विचारत ती येत राहिली.

"घ्या ना माझी मुलं!"

"नको हो मॅडम. त्यांचं शिकणं होईल, माझ्या पेशंटांचे हाल होतील."

"पुतळा ओरडत नाही. खऱ्या माणसाशिवाय कसं कळणार?"

"मग आधी त्यांनाच टेबलावर झोपवा. मशीन बंद ठेवून धरू दे एकमेकांचे हातपाय. पाठीला गार टेबल लागलं की येते अक्कल!"

तो थट्टेत बोलला. तिने तोच पहिला धडा केला. आणि शिकवायला त्यालाच ओढून नेलं.

महिन्याभराने त्याने त्यांच्यातल्या एका मुलीला आपल्या खोलीत येऊ दिलं. तिने, त्याच्या नजरेसमोर, एका आजीबाईंचा दुखरा गुडघा टेबलावर नीट ठेवला.

"झालं?" आजीबाई उठून बसल्या. "मी तर ओरडायच्या तयारीने आले होते गं!"

तो खिडकीपाशी उभ्या असलेल्या मॅडमजवळ गेला.

"सोमवारपासून पाठवा सगळ्यांना," म्हणाला. "आणि... बरं झालं आलात. इतकी वर्षं हे काम करतोय, पण 'तुम्ही हे कसं करता' असं कुणी विचारलं नव्हतं."

"आभार तर मी मानायचे." तिचे डोळे भरून आले. मग एकदम चेहरा पडला. "पण आता मुलंच येणार म्हणजे... मला यायला काही कारणच उरलं नाही."

त्याने मान खाली घातली नाही. सरळ तिच्याकडे पाहिलं.

"मी आहे की..."

ती लाजली, पर्स उचलून दारापर्यंत गेली – आणि वळली.

"उद्या तुमची सुट्टी कधी होते?"